आईला फरशीवरचं नाणं दिसतं, मग समोरचा माणूस का दिसत नाही?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. आई 69 वर्षांच्या आहेत, साताऱ्याजवळ गावी असतात. दोन वर्षांत तीन चष्मे झाले, फरक पडला नाही. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांचा पडदा मध्यभागी वयोमानाने सुकलाय, इंजेक्शनचा उपयोग नाही, आता काही करता येणार नाही. समोरून येणारी सख्खी जाऊ त्यांना ओळखू येत नाही, पण फरशीवर पडलेलं रुपयाचं नाणं त्या बरोबर उचलतात. त्यामुळे घरात "सोयीचं तेवढं दिसतं" असं कुणीकुणी बोलायला लागलंय. तुम्ही ऑनलाइन "30 पट" लिहिलेलं भिंग मागवलं, त्यातून हरिपाठाची एक ओळही वाचता आली नाही. आता कोणाला दाखवायचं आणि आईंना अंध समजायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्मा-भिंगासारखी साधनं देते. गेली 19 वर्षं अल्पदृष्टीच्या, म्हणजे लो व्हिजनच्या रुग्णांबरोबर काम करते. डोळा समोर नसताना नेमका सल्ला देता येत नाही, पण तुमच्या पत्रातल्या बऱ्याच गोष्टी मी रोज ऐकते, आणि त्यांना उत्तरं आहेत.

सगळ्यात आधी ते नाणं, कारण माझ्या मते या घरातला खरा त्रास तिथे आहे. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा काही मिलिमीटरचा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही बारीक कामं त्यावर चालतात. तो सुकला की आपण जिथे रोखून बघतो तिथेच धूसर डाग येतो. कडेचा पडदा मात्र शाबूत असतो. आई चालत असतात, नजर समोर असते, आणि फरशीवरचं चकाकतं नाणं कडेच्या नजरेत येतं. ते दिसतं. जाऊबाई समोर येऊन उभ्या राहतात, आई नेहमीच्या सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि डाग नेमका चेहऱ्यावर बसतो. साडीचा काठ दिसतो, हातातली पिशवी दिसते, चेहरा नाही. आई नाटक करत नाहीत. हे वाक्य कृपया घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी हळदीकुंकवाला जाणं सोडलेलं असतं, कारण "ओळख दाखवत नाही, गर्व आलाय" हे त्यांच्या कानावर आलेलं असतं.

याच्या नेमकं उलटंही असतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आजार किंवा वाढलेला काचबिंदू असलेला माणूस वर्तमानपत्राचा बारीक टाइप वाचतो आणि उठून दाराच्या चौकटीवर आपटतो, कारण त्याची मधली नजर शिल्लक असते आणि कडेची गेलेली असते. म्हणून "किती दिसतं?" एवढंच विचारून भागत नाही. पडद्याचा कुठला भाग जिवंत आहे, ते कळावं लागतं.

आता "काही करता येणार नाही" याबद्दल. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. सुकलेला भाग परत जिवंत करणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. उरलेल्या नजरेने कामं कशी करायची हा वेगळा विषय आहे, आणि तो त्या खोलीत निघालाच नाही. हे फार वेळा होतं. बाहेर शंभर माणसं बसलेली असतात, डॉक्टरांकडे एका रुग्णासाठी पाच मिनिटं असतात. पण त्यामुळे घरचे लोक अहवालाची फाइल कपाटात ठेवतात आणि दोन-तीन वर्षं वाया जातात. तुम्ही ती वाया घालवली नाहीत, हे बरं झालं.

तरी रेटिनाच्या डॉक्टरांना सोडू नका. आईंना झालाय तो कोरडा प्रकार कधी कधी ओल्या प्रकारात बदलतो, म्हणजे पडद्याखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या येऊन पाणी किंवा रक्त साठतं, आणि त्या वेळी इंजेक्शनचा उपयोग असतो. आईंना एक सवय लावा. आठवड्यातून दोनदा, एक डोळा हाताने झाकून, दाराची चौकट किंवा फरशीच्या रेषा बघायच्या. मग दुसऱ्या डोळ्याने. सरळ रेषा अचानक वाकडी, लाटेसारखी दिसली, किंवा डाग एकदम मोठा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जा. शिवाय मोतीबिंदूही आहे का आणि तो काढून उजेड वाढेल का, हे त्यांना स्पष्ट विचारा. त्याचं उत्तर प्रत्येकाच्या पडद्यावर अवलंबून असतं.

तीन चष्म्यांचं कारणही यातच आहे. चष्मा प्रतिमा पडद्यावर नीट आणून सोडतो. पडद्यानेच ती टिपली नाही तर काचेचा दोष नसतो. चष्मा लागतोच, पण तो बदलत राहण्यात पैसे घालवू नका.

आईंना अंध समजायचं का? नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये चांगल्या डोळ्याची नजर, चष्मा लावूनही, 6/18 पेक्षा कमी आणि 3/60 पर्यंत असेल तर तिला अल्पदृष्टी म्हटलंय. 3/60 च्याही खाली गेली तर अंधत्व. नजरेचा घेर 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत उरला असेल तरी अल्पदृष्टीच. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत चांगला डोळा 6/60 आहे, म्हणजे धडधाकट डोळ्याला जे 60 मीटरवरून दिसतं ते आईंना 6 मीटरवरून दिसतं. ही अल्पदृष्टी आहे. एवढ्या नजरेत करण्यासारखं भरपूर असतं.

कोणाला दाखवायचं, ते आता सांगते. नेत्रतज्ज्ञ आजार शोधतात, औषध आणि शस्त्रक्रिया बघतात. त्यांचं काम झाल्यावर लो व्हिजनमध्ये काम करणारा ऑप्टोमेट्रिस्ट लागतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणाऱ्या सगळ्यांना हे येतंच असं नाही, त्यामुळे आधी विचारून घ्या. हा माणूस उरलेली नजर मोजतो, फिक्या रंगाची अक्षरं कितपत ओळखता येतात ते बघतो, डाग कुठे आहे ते शोधतो आणि कामाप्रमाणे साधन निवडतो. चालण्या-फिरण्याचं प्रशिक्षण देणारे वेगळे असतात. त्यांना ओरिएंटेशन अँड मोबिलिटीचे प्रशिक्षक म्हणतात. पांढरी काठी, जिना, रस्ता ओलांडणं हे ते शिकवतात. कडेची नजर गेलेल्यांना त्यांची गरज जास्त. तुमच्या आईंना कदाचित पायऱ्या आणि संध्याकाळच्या उजेडापुरतीच लागेल. स्वयंपाकघर आणि रोजची कामं यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट फार उपयोगी, पण आपल्याकडे नजरेच्या कामात असे थोडेच आहेत, मग ते काम बहुतेक वेळा ऑप्टोमेट्रिस्ट किंवा समाजसेवकच करतात. रुग्ण लहान मूल असतं तर मी आधी विशेष शिक्षकांचं नाव घेतलं असतं. आणि समुपदेशक. हा शब्द ऐकून घरचे बिचकतात, पण नजर जाणं हे दुःख आहे, आणि बोलायला माणूस लागतो.

हे सगळे एका छताखाली क्वचित भेटतात. तुम्हाला जवळचं पुणं. पुणे अंधजन मंडळाच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात फोन करून "लो व्हिजन तपासणी कोणत्या वारी असते, आधी नाव नोंदवावं लागतं का?" असंच विचारा. नुसतं "डोळे दाखवायचेत" म्हणालात तर परत नंबर काढायच्या रांगेत बसाल. नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, ही 1952 पासूनची संस्था. तिच्या शाखांकडे प्रशिक्षणाची चौकशी करता येते. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद इथे अल्पदृष्टीचे चांगले विभाग आहेत, पण पहिल्याच फेरीत एवढ्या लांब जायची गरज मला दिसत नाही.

आता भिंग. यावर जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे फुकट जातात.

भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. ढोबळ हिशेब असा: नजर 6/60 असेल तर 60 भागिले 6, म्हणजे 10 डायॉप्टरपासून सुरुवात करायची. 10 डायॉप्टरच्या भिंगाने कागद 10 सेंटिमीटरवर धरावा लागतो. आणि ते "किती पट" हे काढायला डायॉप्टरला 4 ने भागतात. म्हणजे 10 डायॉप्टरचं भिंग अडीच पट झालं. या हिशेबाने खरं 30 पट भिंग 120 डायॉप्टरचं होईल, आणि ते कागदापासून एक सेंटिमीटरही दूर धरता येणार नाही. तळहाताएवढ्या काचेवर 30 पट लिहिलेलं असेल तर तो आकडा खरा नाही. ताकद वाढली की काच लहान होते आणि एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात, यातून सुटका नाही. म्हणून आम्ही सगळ्यात मोठं भिंग देत नाही, काम भागेल असं सगळ्यात कमी ताकदीचं देतो.

हातातलं भिंग घेतलं तर डोळा काचेच्या जितका जवळ न्याल तितका मजकूर जास्त दिसतो. बहुतेक लोक उलटं करतात, हात लांब करून बघतात. हात थरथरत असेल तर पायांवर उभं राहणारं, आत दिवा असलेलं स्टँडचं भिंग बरं. ते कागदावर ठेवून सरकवायचं, आणि वाचायचा चष्मा लावूनच वापरायचं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका आजोबांना फार उत्तम हातभिंग दिलं होतं. तीन महिन्यांनी त्यांनी ते डबीतून तसंच्या तसं काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्या हाताला कंप होता आणि मी ते विचारलंच नव्हतं. तेव्हापासून डोळे तपासायच्या आधी मी हात बघते.

पण भिंगाच्याही आधी एक गोष्ट शिकवावी लागते, आणि ती फुकट आहे. डाग मध्यभागी असेल तर नजर थोडी बाजूला न्यायची, म्हणजे प्रतिमा पडद्याच्या जिवंत भागावर पडते. मी रुग्णाच्या समोर हातभर अंतरावर बसते आणि सांगते, माझा चेहरा घड्याळाची तबकडी आहे असं समजा. नाकाकडे बघू नका. बाराच्या आकड्याकडे बघा, म्हणजे माझ्या केसांच्या वर. आता तीनकडे, कानाच्या पलीकडे. असं एकेक करत जातो. मागे एक आजी दहावर आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "अगं बाई, तुझी टिकली लाल आहे की!" त्या खोलीत येऊन त्यांना अर्धा तास झाला होता. त्यांच्यासाठी दहा हाच आकडा. तुमच्या आईंचा वेगळा असेल. तो सापडला की रोज दहा-पंधरा मिनिटं, काही आठवडे सराव. आधी चेहरे, मग मोठी अक्षरं, मग ओळ. डोळ्याची जन्मभराची सवय मोडायची असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, चिडचिड होते. ती होणार हे आधीच सांगून ठेवा. सगळ्यांना सारखं जमत नाही. ते डागाच्या आकारावर, वयावर आणि उत्साहावर अवलंबून आहे.

देवनागरी वाचणाऱ्यांची एक जादा अडचण असते. आपल्याकडे मात्रा, वेलांटी, अनुस्वार ओळीच्या वर, उकार खाली. माल आणि मोल यांत फरक एका मात्रेचा. डाग थोडा वर सरकला की मात्रा गळते आणि वाक्याचा अर्थ लागत नाही, मग "अक्षर दिसतं पण वाचता येत नाही" अशी तक्रार येते. म्हणून नुसती मोठी अक्षरं पुरत नाहीत, दोन ओळींत मोकळी जागा लागते. हरिपाठाची पानं ठळक टाइपात, 24 पॉइंटच्या आसपास, ओळींत भरपूर अंतर ठेवून छापून घ्या. काळ्या जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर ठेवायला द्या. खालच्या-वरच्या ओळींची गर्दी आणि कागदाची चमक दोन्ही झाकली जातात. हे साधन दहा रुपयांतही पडत नाही आणि माझ्याकडे ते रोज कुणाला तरी दिलं जातं.

घरात उजेड आणि रंगांचा विरोध, या दोन गोष्टी बघा. वाचायचा दिवा छताला नको, खांद्याजवळून कागदावर पडणारा हवा. दिवा निम्म्या अंतरावर आणला की कागदावर चौपट उजेड पडतो. डोळ्यांवर मात्र येऊ देऊ नका. तांदूळ निवडायला काळं किंवा गडद निळं ताट, मोहरीला पांढरं. दूध पांढऱ्या कपात ओतलं तर काठ कळत नाही, गडद कपात कळतो. स्टीलच्या ताटात दहीभात दिसत नाही. गॅसचं बटण बंद असतं त्या जागी एम-सीलचा उंच ठिपका लावा, बोटाला कळतो. पदर खोचून मगच शेगडीजवळ जायचं, यावर मी रुग्णांशी अक्षरशः भांडते. उंबरठ्याला आणि पायरीच्या काठाला पिवळा पट्टा मारा. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, कॅमेरा धरला की किती रुपयांची नोट ते बोलून सांगतं. त्याशिवाय 100 च्या नोटेच्या कडांना चार तिरक्या उठावाच्या रेघा असतात, 500 ला पाच. नव्या कोऱ्या नोटेवर आईंचा अंगठा फिरवून बघा. जुनी नोट झिजलेली असते, तिथे भरवसा नको.

फोन स्मार्ट असेल तर अक्षरं मोठी करणं आणि टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणं, ही सोय त्यातच असते, आणि मराठी वाचणारा आवाजही मिळतो. हे शिकवायला नातवंडाला बसवा, पण एका दिवशी एकच गोष्ट.

आणखी एक विचारून घ्या, पण एकांतात. आईंना कधी कोपऱ्यात बसलेली मुलं, फुलांची नक्षी, अनोळखी माणसं दिसतात का? नजर कमी झालेल्या बऱ्याच लोकांना असं दिसतं, बुद्धी पूर्ण ताळ्यावर असताना. शार्ल बोने या स्विस निसर्गअभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे नोंदवलं होतं, आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. पडद्याकडून संदेश कमी आले की मेंदू स्वतःच चित्रं भरतो. पाहणाऱ्याला बहुधा कळत असतं की हे खरं नाही. तरी वेड लागलं म्हणतील, बाहेरचं झालं म्हणतील, या भीतीने म्हातारी माणसं ते मनातच ठेवतात. "असं होतं, याला नाव आहे" एवढं ऐकल्यावर माझ्यासमोर रडलेली माणसं आहेत. मात्र चित्रांबरोबर आवाजही ऐकू येत असतील किंवा आई गोंधळलेल्या वाटत असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं तुम्ही विचारलं नाहीत, पण काढून घ्या. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. टक्केवारी दोन्ही डोळ्यांची मिळून ठरते. सवलतींसाठी 40 टक्के लागतात. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा 6/18 किंवा चांगला असेल तर 30 च मिळतात. आईंचे दोन्ही डोळे 6/60 च्या आसपास असतील तर 40 टक्क्यांत बसायला हवं, पण अंतिम निर्णय तिथल्या मंडळाचा.

पहिल्या भेटीला तास-दीड तास लागतो. आईंना खाऊ घालून आणा, सगळे जुने चष्मे आणि ते 30 पट भिंगही आणा. आईंना काय करायचंय ते त्यांनाच विचारा आणि तीच वस्तू पिशवीत घाला: हरिपाठाची पोथी, निवडायचे तांदूळ, औषधाची पट्टी, त्यांचा फोन. "नजर सुधारा" या मागणीला मला फारसं काही करता येत नाही. "हरिपाठ वाचायचाय" याला येतं. भिंग त्या दिवशीच विकत घेऊ नका. आठवडाभर घरी वापरायला मिळतं का ते विचारा. काही ठिकाणी देतात.

आणि शनिवारी गावी जाल तेव्हा दारातून आत येताना आधी नाव सांगा, "आई, मी आलोय" आणि पुढे स्वतःचं नाव. जाऊबाईंना आणि शेजाऱ्यांनाही तसंच करायला सांगा. "ओळखलंत का?" असं कुणीही विचारू नये.